जुनी कॉमिक्स जपताना

नव्याने संग्रह सुरू करताना अंक किती जमले यापेक्षा ते कसे ठेवले आहेत, याकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. जुनी कॉमिक्स ज्या स्वस्त, लाकडी लगद्याच्या कागदावर छापली जात, त्यातील लिग्निन (लाकडातला एक नैसर्गिक घटक) प्रकाश आणि हवा यांमुळे पिवळे पडते आणि कागदातील आम्लामुळे पान कडेने तुटू लागते. म्हणून प्रत्येक अंक आम्लमुक्त पुठ्ठ्यासह पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात उभा ठेवावा. पीव्हीसीची पाकिटे मात्र कटाक्षाने टाळावीत. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावण्याचा मोह मलाही एकदा आवरला नव्हता. काही वर्षांनी पट्टी गळून पडली आणि तिचा तपकिरी डाग तेवढा कायमचा राहिला.

कॉमिक्स छापण्यासाठी चित्रकाराने हाताने काढलेली मूळ चित्रे हाताळणे याहून नाजूक असते. पान तिरप्या उजेडात धरले, तर शाईखालची फिकट निळी पेन्सिल, चूक झाकणारा पांढऱ्या रंगाचा उंचवटा आणि वरून चिकटवलेले संवादांचे फुगे दिसतात. यांतले काहीही 'स्वच्छ' करू नये. सुटलेला फुगा त्याच पानासोबत आम्लमुक्त लिफाफ्यात ठेवावा. मार्करचे रंग उजेडात झपाट्याने उडतात, त्यामुळे अशी चित्रे भिंतीवर कायमची टांगू नयेत.