स्प्लेंडरची सीट घरी करणार असाल तर जुनं कव्हर फेकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुनी स्प्लेंडर, टाकीजवळच्या टोकाला आणि बाजूच्या शिलाईवर रेग्झीन फाटलंय, पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी बसलं की पँट ओली होते. घरी पायमशीन आहे, शिवता येतं, पण सीट कधी उघडलेली नाही. तयार कव्हर आणावं की स्वतः शिवावं, आणि स्टेपल गनच्या पिना कुठल्या?

घरी होतं. पण दोन दिवसांनीही पँट ओली होते याचा अर्थ फोमनं पाणी धरलंय. नुसतं वरचं रेग्झीन बदललंत तर ते पाणी आत कोंडून ठेवाल. त्याच कारणासाठी इलास्टिकचं, वरून चढवायचं कव्हर फाटक्या सीटवर घालू नका. दोन कव्हरांच्या मध्ये पाणी साचतं आणि खालची फाट रोज थोडी थोडी वाढत जाते.

तयार की शिवलेलं? फोम बसलेला नसेल तर पहिल्या खेपेला मॉडेलप्रमाणे शिवलेलं, पिना मारून बसवायचं तयार कव्हर आणा. ओढायचं कसं ते त्यावर शिका. फोममध्ये खड्डा पडला असेल किंवा आकार बदलायचा असेल तर मात्र तयार कव्हर बसत नाही, शिवावंच लागेल. पुढचं सगळं शिवायचंय असं धरून लिहितो.

सीट गाडीवरून उतरवून टेबलावर घ्या, काम तिथेच करा. गाडीजवळ पिना उपटू नका. तुटलेला तुकडा बॅटरीच्या खणात पडला आणि टर्मिनलवर आडवा बसला तर शॉर्ट होतं. सीट उलटी करा आणि काहीही काढण्याआधी खालच्या बाजूचे चारपाच फोटो काढा: रबरी बूच कुठे, लॉकचा हूक किंवा बोल्टचे कान कुठे, मागे बसणाऱ्यानं धरायच्या पट्ट्याचे बोल्ट कुठे, पाणी निचरायची भोकं कुठे, कव्हरची कड बेसच्या (सीटच्या कडक तळाच्या) काठापासून किती आत आहे. पिनेखाली बारीक स्क्रू ड्रायव्हर घालून एक पाय उचलायचा, मग नोज प्लायरनं ओढायचा. गंजलेली पीन मध्येच तुटते. उरलेलं टोक साइड कटरनं कापा किंवा ठोकून सपाट करा, नाहीतर ते नव्या रेग्झीनला आतून भोक पाडेल.

बेस प्लॅस्टिकचा असेल तर एवढंच. जुन्या बुलेटसारखा पत्र्याचा असेल तर कव्हर काठाच्या दातांत अडकवलेलं असतं. ते दात एकदाच उघडतात असं समजून हळू वाकवा, दोनतीनदा खालीवर केले की मोडतात. गंज तारेच्या ब्रशनं घासून रेड ऑक्साइड आणि वर रंग, पूर्ण वाळवून.

आता जुनं कव्हर. तुमचा नमुना तोच आहे, म्हणून उसवण्याआधी त्यावर लिहायचं. वरच्या भागाची पुढून मागे जाणारी मधली रेघ काढा. प्रत्येक तुकड्यावर वर, डावी, उजवी, पुढची बाजू असं लिहा. मग प्रत्येक शिलाईवर दर 5 सेंमीला बॉलपेननं आडवी खूण करा, अशी की ती शिलाईच्या दोन्ही बाजूंच्या तुकड्यांवर उमटेल. वळणावर दर 2 सेंमीला. शिवताना खुणेला खूण जुळली की तुकडा सरकला की नाही ते लगेच कळतं. खुणा न करता उसवलं तर वरचा तुकडा आणि बाजूची पट्टी शेवटी दीडदोन सेंमीनं कमीजास्त येतात, आणि तो फरक नेमका मागच्या गोलाईत चुणी होऊन बसतो.

उसवून झालं की तुकडे सपाट करून एक रात्र वजनाखाली ठेवा आणि जुन्या कॅलेंडरच्या कागदावर उतरवा. इथे बहुतेकजण चुकतात. वापरलेलं कव्हर ताणलेलं असतं, आणि डावी-उजवी बाजू सारखी ताणलेली नसते. कारण गाडीवर चढताना पाय नेहमी एकाच बाजूनं जातो. म्हणून कागद मधल्या रेघेवर दुमडा, दोन्ही बाजूंच्या कडांमध्ये जो फरक दिसेल त्याच्या मधोमध रेघ मारा आणि दुमडलेलाच कागद कापा. बसण्याच्या जागी दोन्ही बाजूंना 2-3 मिमी आत घ्या. शिलाईला माया, म्हणजे टिपेबाहेर सोडायची कड, 10 मिमी. बाजूच्या पट्ट्यांना खालून मात्र जुन्यापेक्षा 4-5 सेंमी जास्त ठेवा, ती ओढायला धरायची जागा आहे. शेवटी कापायचीच आहे.

पण हे कापायच्या आधी फोम पुरा करा, कारण फोम वाढला की माप बदलतं.

फोम उन्हात भाजू नका. तो पॉलियुरेथेनचा असतो. उघडा उन्हात राहिला तर पिवळा पडून वरून भुगा होतो. जाड टॉवेल टाकून दाबून पाणी काढा, मग सावलीत, पंख्यासमोर, उभा ठेवा. पाणी खालच्या टोकाला उतरतं, म्हणून रोज टोक बदला. तीनचार दिवस सहज जातात. पावसाळ्यात जास्त. वाळला का ते बघायला मध्यभागी जुना वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून त्यावर पाच मिनिटं जड वजन ठेवा. कागद ओलसर झाला तर अजून थांबा.

चालकाच्या जागी खड्डा असेल तर त्यावर नुसता नवा थर टाकू नका. खाली दबलेला, मेलेला फोम तसाच राहतो आणि महिन्याभरात वरचाही त्याच आकारात बसतो. खचलेला भाग 20 मिमी खोल, सपाट तळ ठेवून कापून काढा. हॅक्सॉचं सुटं पातं किंवा दातेरी ब्रेड-सुरी चालते. त्या जागी 40 डेन्सिटीचा (घनमीटरला 40 किलो) तुकडा 2-3 मिमी उंच राहील असा बसवा आणि 60 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून कडा मिळवून घ्या. 23 किंवा 28 डेन्सिटी हाताला मऊ लागते म्हणून दुकानात भुरळ घालते, पण सीटवर ती टिकत नाही.

चिकटवायला रबरी काँटॅक्ट सोल्यूशन, फेविकॉल एसआर 998 सारखं. दोन्ही बाजूंना पातळ हात, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत दहापंधरा मिनिटं थांबा, मग एकदाच नेमकं ठेवा. परत उचलता येत नाही. लाकडाचा पांढरा फेविकॉल वापरू नका, वाळून तो कडक पापडी होतो आणि बसल्यावर टोचतो. खिडकी उघडी आणि गॅस बंद ठेवून काम करा, या सोल्यूशनची वाफ पेटते.

शेवटी टाकीजवळचं नाक सोडून बाकी सगळ्या फोमवर 5 मिमीचा मऊ थर घ्या. घासल्याच्या खुणा, जोडाच्या रेघा त्याखाली लपतात. तो न घेता रेग्झीन ओढलं तर प्रत्येक जोड वरून दिसतो, काळ्या चकचकीत रेग्झीनवर तर जास्तच. फक्त हिशेब विसरू नका. फोमची उंची 10 मिमीनं वाढली तर डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत कव्हर 20 मिमी जास्त लागतं. टाकीजवळच्या नाकावर थर वाढवूच नका, सीट टाकीला घासेल किंवा पुढचा हूक बसणार नाही.

रेग्झीन घेताना मागची बाजू बघा. मागे होजिअरीसारखं विणलेलं कापड असेल तर ते ताणतं आणि गोलाईवर बसतं. साधं उभ्याआडव्या धाग्याचं कापड असेल तर ते सोफ्याच्या सपाट पाठीला ठीक, सीटच्या मागच्या गोलाईवर चुण्याच देईल. जाडी साधारण 1 मिमी. दीड मिमी जाड माल टिकाऊ वाटतो, पण घरच्या मशीनवर त्याचे चार थर जात नाहीत. पन्हा बहुधा 54 इंच असतो, स्प्लेंडरच्या लांब सीटला एक मीटर पुरतो आणि एक बाजूची पट्टी चुकली तर परत कापता येते. दोन्ही हातांनी ताणून बघा. ज्या दिशेला जास्त ताणतं ती दिशा सीटवर आडवी ठेवा. लांबीत ठेवलीत तर ब्रेक लावताना माणूस पुढे सरकतो तसं रेग्झीनही सरकतं आणि नाकाजवळ गोळा होतं.

पायमशीन या कामाला बरी. मोटरच्या मशीनपेक्षा ती हळू चालते आणि जाड जोडावर हातचाकानं एकेक टाका घेता येतो. सुई 18 नंबर, दोरा जाड पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा. उन्हापावसात पॉलिएस्टर जास्त टिकतो. सुती दोरा अजिबात नको, दुसऱ्या पावसाळ्यात कुजतो. टाका 3.5 ते 4 मिमी. बारीक टाके म्हणजे मजबूत शिलाई हे कापडाचं गणित इथे उलटं आहे: रेग्झीनला जवळजवळ भोकं पडली की पोस्टाच्या तिकिटासारखं ते त्या रेघेवर फाटतं. टाचण्याही लावू नका, त्यांची भोकं बुजत नाहीत. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. त्याच कारणानं चुकलेली टीप उसवून त्याच्याच शेजारी दुसरी मारू नका, तुकडा नवा कापा. मशीनचा पाय रेग्झीनला चिकटून टाका लहानमोठा होत असेल तर पायाखाली बटर पेपरची पट्टी धरा, टीप मारून झाल्यावर ती फाडून काढता येते.

आधी वरचा तुकडा आणि बाजूची पट्टी सुलट बाजू एकमेकींवर ठेवून शिवा, मध्यापासून मागे आणि मध्यापासून पुढे. वळणावर मायेला 6-7 मिमीच्या खाचा द्या, टिपेपर्यंत नेऊ नका. मग माया बाजूच्या पट्टीकडे वळवून वरून दाबटीप मारा, शिलाईपासून 4 मिमीवर. ताण एकाच टिपेवर येत नाही. पाणी शिरतं ते याच भोकांतून, म्हणून आतून शिलाईवर त्याच रबरी सोल्यूशनचा पातळ हात फिरवून वर रेग्झीनची दीड इंची पट्टी चिकटवा.

फोम आणि कव्हर यांच्यामध्ये पातळ प्लॅस्टिक घालायचं का, यावर दोन मतं आहेत. माझं मत: घाला, पण मऊ आणि पातळ, फक्त वरून आणि बाजूंनी. खालून पूर्ण गुंडाळलं तर कुठूनतरी शिरलेलं पाणी निघायला वाटच राहत नाही. कुरकुरणारी जाड पिशवी नको, प्रत्येक खड्ड्याला आवाज येईल.

आता ओढणं. कव्हर अर्धा तास उन्हात ठेवा, उघडीप नसेल तर हेअर ड्रायर. हीट गन जवळून धरली तर रेग्झीनचा दाणा वितळून चकचकीत डाग पडतो, तो जात नाही.

पिनांची लांबी बेसवर ठरते. काठाची जाडी मोजा, रेग्झीनचे थर मिळवा आणि पीन त्याहून 1-2 मिमीच लांब घ्या. प्लॅस्टिक बेसला बहुधा 6 मिमी, घडी पडते तिथे 8. 10-12 मिमीची पीन काठाजवळ आरपार जाऊन बाजूच्या रेग्झीनला आतून टोचते. स्टेनलेस स्टीलच्या मिळाल्या तर त्याच घ्या. हाताच्या गननं कडक प्लॅस्टिकमध्ये पीन वाकत असेल तर बेसच्या खाली टेबलाचा भक्कम आधार आहे का ते आधी बघा, बहुतेकदा सीट फोमवर झुलत असते आणि ठोका वाया जातो. गनचं नाक दोन्ही हातांनी दाबून मारा. एवढं करूनही जात नसेल तर हवेची गन दोन तासांसाठी भाड्यानं आणा. जुन्या भोकांत मारू नका, 3-4 मिमी बाजूला सरका. पीन काठाला समांतर बसली पाहिजे. काठाला काटकोनात मारली तर रेग्झीन दोन पायांमधून फाटत सुटतं.

क्रम असा. आधी मधली रेघ जुळवून नाकाला मध्यावर दोन पिना. मग मागे मध्यावर ओढून दोन. मग डावीकडे मध्ये एक, समोर उजवीकडे एक, दर वेळी समोरासमोर, 5-6 सेंमी अंतरानं. या पिना अर्ध्याच मारा, त्यातल्या निम्म्या काढाव्या लागणार आहेत. सीट सरळ करून शिलाईची रेघ दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर आहे का ते बघा. कोपरे सगळ्यात शेवटी, आणि कोपऱ्यावर एकदम ओढायचं नाही. मध्यापासून कोपऱ्याकडे थोडं थोडं, जास्तीचं कापड छोट्या छोट्या पाच-सहा घड्यांत वाटून. सगळं मनासारखं झालं की 10-12 मिमीवर पक्क्या पिना.

चुणी आली की जोर वाढवायचा मोह होतो. चुणी जिकडे धावते तिकडे बघा. काठाकडे उभी धावणारी चुणी म्हणजे तिच्या दोन्ही अंगांना ताण सारखा नाही: तिथल्या चार पिना काढून ताण वाटून द्या. शिलाईला समांतर चुणी म्हणजे तुकडा मोठा कापला गेलाय, ओढून जाणार नाही. आणि चालक-मागचा यांच्यामधल्या उतारावर रेग्झीन ढोलकीसारखं अधांतरी राहिलं तर ते कितीही ओढलं तरी खाली बसत नाही, उलट वर उचलतं. तिथे आडवी शिलाई हवी, किंवा आतून पट्टी शिवून ती फोममधून खाली बेसला बांधावी लागते. कंपनीच्या सीटवर त्या जागी शिलाई का असते, त्याचं हेच कारण.

पट्टा होता तर परत लावा. मागे बसणाऱ्याला धरायला पक्की सोय हवी असं केंद्रीय मोटार वाहन नियम 123 सांगतो, आणि ग्रॅब रेल नसलेल्या गाडीवर तो पट्टाच धरायला असतो. बोल्टसाठी रेग्झीनला भोक कातरीनं कापू नका, तापवलेल्या सळईनं पाडा. कड वितळून बंद होते आणि पुढे फाटत नाही.

रबरी बुचांखाली पीन किंवा घडी राहिली तर सीट त्या बाजूला उचललेली राहील आणि लॉक अर्धवट लागेल. हाताशी असलेले फोटो इथे काढून बघा. पहिले आठ दिवस चालवल्यावर बाजूंना रेग्झीन किंचित ढिलं पडतंच. म्हणून खालची जादा कड लगेच कापू नका. आठवड्यानं सीट उतरवून ढिल्या जागच्या पिना काढा, परत ओढा, मगच पिनांच्या आत 12-15 मिमी सोडून कड कापा.