वाचकांचे प्रश्न : हेल्मेट, पट्टा आणि थांबायचं अंतर

प्रश्न : हेल्मेट टेबलावरून खाली पडलं. एक ओरखडा सोडला तर बाहेरून काही दिसत नाही. वापरावं की टाकून द्यावं?

उत्तर : ते पडलं तेव्हा आत डोकं नव्हतं, त्यामुळे घाबरू नका. मार शोषून घेण्याचं काम बाहेरचं कवच फारसं करत नाही. ते आतला थर्माकोलसारखा फोम करतो. डोकं आतून आदळलं की तो चिरडतो आणि त्या दोन-तीन सेंटिमीटरच्या चिरडण्यात डोक्याला थांबायला जागा मिळते. चिरडलेला फोम पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात डोक्यासकट आपटलेलं हेल्मेट वरून कितीही नवं दिसलं तरी बाद समजावं. रिकामं पडलेलं असेल तर आतलं अस्तर काढून फोमवर चीर किंवा खळगा आहे का ते पाहा. कवचाला तडा असेल, तर मात्र विचार करत बसू नका.

फोमचं नुकसान रोजच्या सवयींनीही होतं. आरशाच्या टोकावर हेल्मेट अडकवलं की त्याच जागी फोम दबतो. पेट्रोल किंवा थिनरने पुसल्यास कवच आणि फोम दोन्ही खराब होतात. साबणाचं कोमट पाणी पुरतं. अपघात झाला नाही तरी साधारण पाच वर्षांनी बदलावं.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. पट्टा सैल असेल, तर हेल्मेट तुमच्याआधी रस्त्यावर पोहोचतं. हनुवटीखाली पट्ट्यात जेमतेम दोन बोटं जावीत. पट्टा लावून हेल्मेटची मागची कड खालून वर, कपाळाकडे ढकलून पाहा. ते निघून आलं तर माप चुकलंय. नवं हेल्मेट गालांना थोडं घट्टच बसायला हवं, कारण गादी वापराने दबते. माप घेताना टेप भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा.

प्रश्न : गाडीत एअरबॅग आहेत. शहरात पन्नासच्या वर वेग जात नाही. मग मागच्या सीटवरही पट्टा लावायचा हट्ट कशासाठी?

उत्तर : ताशी ५० किलोमीटरने भिंतीवर आदळणं म्हणजे सुमारे १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या आसपासच्या उंचीवरून खाली पडणं. गाडीचा पुढचा भाग चेपतो तेव्हा ती थांबते, पण तुम्ही त्याच वेगाने पुढे जात राहता. मग शरीर कशावर तरी आदळतं आणि शेवटी मेंदू, यकृत, मोठ्या रक्तवाहिन्या शरीराच्या आतच आदळतात किंवा ताणल्या जातात. बाहेर खरचटलेलंही नसताना आत रक्तस्राव असतो, तो यामुळे.

पट्टा तुम्हाला गाडीशी बांधतो, म्हणजे चेपणाऱ्या बॉनेटचा फायदा तुम्हालाही मिळतो. ५० च्या वेगातून दशांश सेकंदात थांबताना शरीरावर वजनाच्या सुमारे चौदापट बल येतं. ६० किलोचा माणूस मागे मोकळा बसला असेल, तर तो पुढच्या सीटच्या पाठीवर ८०० किलोहून जास्त भार घेऊन आदळतो. त्या सीटवरच्या माणसाने पट्टा लावलेला असतो, पण मागून येणाऱ्याचं तो काय करणार? मांडीवरचं १० किलोचं मूल तेव्हा १४० किलोंचं होतं. कुठलीही आई ते धरू शकत नाही.

एअरबॅग पट्ट्याच्या सोबतीने काम करते, त्याच्याऐवजी नाही. ती पापणी लवायच्या आत फुगते. मोकळा चालक ती फुगत असतानाच तिच्यावर जाऊन पडतो आणि तिचाच मार खातो. छाती आणि स्टिअरिंग यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा. मागे तोंड करून बसवायची बाळाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नका.

खालचा पट्टा पोटावरून नव्हे, कमरेच्या हाडांवरून जावा आणि वरचा खांद्याच्या मधोमध व छातीवरून. वरचा पट्टा काखेखालून घेणारे बरगड्या मोडून घेतात.

प्रश्न : सातव्या महिन्यात पट्टा लावावा का?

उत्तर : हो. खालचा पट्टा पोटाच्या फुगवट्याखाली मांड्यांलगत, वरचा स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूने. सीट शक्य तितकी मागे घ्या.

प्रश्न : पुढच्या गाडीपासून नेमकं किती अंतर ठेवायचं?

उत्तर : मीटरमध्ये मोजू नका, चालत्या गाडीतून ते जमत नाही. पुढची गाडी एखाद्या खांबाला ओलांडेल तेव्हा 'एकशेएक, एकशेदोन' म्हणा. ते संपायच्या आत तुम्ही खांबाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. पावसात हे अंतर दुप्पट करा.

धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सावध माणसालाही सेकंदभर लागतो. कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर ५० च्या वेगातली गाडी त्यानंतर साधारण १४ मीटरमध्ये थांबते. सेकंदाचे १४ धरले तर एकूण २८. तेवढ्याच अंतरावर ६० ने येणाऱ्याने तितक्याच तत्परतेने ब्रेक दाबला, तरी जिथे पहिली गाडी थांबली तिथे दुसरी अजून ४० च्या वेगात असते. वेग दहाने वाढला, पण धडक चाळीसची झाली. 'दहानं काय होतं' म्हणणाऱ्यांना हा हिशेब एकदा कागदावर करायला लावावा.

एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक एकदाच जोरात दाबून धरा. पेडल थरथरतं, तेव्हा घाबरून पाय उचलू नका. ती थरथर म्हणजेच एबीएसचं काम. त्यामुळे चाकं अडकत नाहीत आणि ब्रेक दाबूनही गाडी वळवता येते. टायरची खाच १.६ मिलिमीटरवर आली की अनेक देशांत टायर बेकायदा ठरतो, पण ओल्या रस्त्यावर तो त्याआधीच पाणी बाजूला सारायला कमी पडू लागतो.

प्रश्न : रस्त्यात पडलेल्या दुचाकीस्वाराचं हेल्मेट काढावं का?

उत्तर : तो श्वास घेत असेल तर काढू नका. मान मोडली असेल, तर ओढाताणीत मज्जारज्जू दुखावतो. काच वर करा, त्याला हलू देऊ नका, वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि रुग्णवाहिका बोलवा. श्वासच अडला असेल, तर मात्र हेल्मेट काढावं लागतं आणि त्याला दोघं लागतात. एकाने खालून हनुवटी आणि मानेचा मागचा भाग दोन्ही हातांनी स्थिर धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून हेल्मेटच्या कडा बाहेर ताणत ते हळूहळू सरकवायचं. पाणी पाजू नका. बेशुद्धीत ते श्वासनलिकेत जातं, आणि शस्त्रक्रिया लागली तर भूल देताना अडचण होते.