गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधजवळ डिसेंबरात १५ जणांच्या पक्षीनिरीक्षण मंडळाला तंबूत दोन दिवस राहायचंय, काय तयारी करावी?

तंबू जंगलात लावता येणार नाहीत, हे आधी धरून चला. २०१३ पासून ते जंगल व्याघ्र प्रकल्पात आहे. गावाच्या कडेला धान कापून मोकळी झालेली बांधी (भातखाचर) बघा. शेतमालकाची परवानगी घ्या, पोलीस पाटील आणि वनरक्षकांना कळवा. बांधीच्या खोलगट भागात गारवा आणि दव साचतं, म्हणून तंबू धुऱ्यालगतच्या (शेताच्या बांधालगतच्या) उंच, कोरड्या तुकड्यावर लावा. बोरीची झुडपं मात्र टाळा. बोरं पिकू लागली की रात्री अस्वल तिथं येतं. खाली चार बोटं तणस (धानाचा पेंढा), वर ताडपत्री, मग तंबू. तणस झटकूनच पसरा, त्यात विंचू निघतो. शेकोटी तणसापासून दूर, वारा तंबूकडून तिच्याकडे वाहील अशी.

बहुतेक मंडळं चुकतात ती पहाटे. साडेपाचला सगळ्यांना उठवून तलावावर नेतात आणि मग धुकं बघत बसतात. सूर्यच साडेसहानंतर उगवतो, धुकं विरायला आठ वाजतात. त्यापेक्षा उजाडताना धुऱ्यांवरून फिरा. सारस धानाच्या बांध्यांत चरतो, त्याची हाक धुक्यातही लांबून येते. जोडीनं चरणं सोडून माना ताठ केल्या, की तुम्ही फार जवळ गेलात. तिथूनच मागे फिरा.

ऊन लागलं की जंगलाची कड धरा. किडे हलू लागतात, आणि कोतवाल, सुभग, गोमेट, नाचण एकाच थव्यात फिरताना सापडतात. तलाव नऊनंतर, सूर्य पाठीशी ठेवून: सकाळी पूर्वेचा काठ, दुपारी पश्चिमेचा. उलट उभे राहिलात तर तलवार बदक काय न् थापट्या काय, सगळी काळीच!

दुर्बीण ८ बाय ४२ (८ पट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरे. १० पटीची हातात जास्त थरथरते. गार दुर्बीण तंबूत उघडी नेली की श्वासाची वाफ काचेवर धरते. बाहेरच पिशवीत घालून तोंड बांधा, मग आत न्या.

पाच-पाचांचे तीन गट करा, प्रत्येकात नोंदी घेणारा एकच. मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवायचे नाहीत, यावर माझी तरी तडजोड नाही.

पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज ५ लिटर पाणी, म्हणजे दोन दिवसांना २० लिटरचे ८ कॅन. सगळ्यांच्या एका जेवणाला दीड किलो तांदूळ, नाश्त्याला किलोभर पोहे. स्वयंपाक गावच्या बचत गटाकडे द्या आणि खरकटं रात्री बाहेर ठेवू नका, रानडुकरं येतात.