‘सं’ काढा, वाहकता राहू द्या

प्रश्न असा आलाय: पाणी-ग्लायकॉलसारख्या मिश्रणाच्या ‘थर्मल कंडक्टिव्हिटी’ला, म्हणजे उष्णता वाहू देण्याच्या क्षमतेला, उष्णतावाहकता म्हणावं, उष्णता-संवाहकता की उष्माचालकता?

उष्णतावाहकता. ‘चालकता’ हिंदीतून आलेली. एस्टीत चालक पुढे बसतो आणि तिकीट फाडतो तो वाहक. यातला कंडक्टर कोण, हे निदान मराठी माणसाला सांगायला लागू नये.

खरा वैताग ‘सं’चा आहे. ‘सं म्हणजे सम्यक्, म्हणून संवाहकता जास्त शास्त्रीय’ असं समर्थन ऐकू येतं. साफ चूक. कन्व्हेक्शनमधला (द्रव किंवा वायू स्वतः सरकून उष्णता नेतो ते) लॅटिन ‘वेहेरे’ आणि आपला ‘वह्’ सख्खी भावंडं (वहाणेला यात ओढू नका, ती ‘उपानह्’ची). तेव्हा कन्व्हेक्शन म्हणजे अक्षरशः सम् + वहन, आणि हिंदीत त्याला ‘संवहन’च म्हणतात. कंडक्शनमधला (पदार्थ जागचा न सरकता उष्णता पुढे जाते ते) ‘दूकेरे’ म्हणजे नेणे, अर्थाने आपला ‘नी’. आपल्या काही परिभाषाकारांनी मात्र कंडक्शनला संवहन केलं आणि कन्व्हेक्शनला संनयन! दोन बरण्यांची झाकणं बदलली, दुसरं काय. त्यापेक्षा शाळेतलं ‘वहन’ आणि ‘अभिसरण’ शंभरपट बरं.

मोजणीत हा घोळ अंगाशी येतो. प्लॅटिनमची केसाहून बारीक तार द्रवात उभी ताणायची, वीजप्रवाह सोडायचा आणि तारेची तापमानवाढ काळाच्या लॉगॅरिदमसमोर मांडायची. रेषा सरळ येते. चढ जितका कमी तितकी वाहकता जास्त. हे सगळं सेकंदभरात उरकायचं. रेंगाळलात की तारेलगतचा गरम द्रव वर सरकू लागतो, म्हणजे कन्व्हेक्शन सुरू होतं, रेषा खाली वाकते आणि वाहकतेचा आकडा फुगतो. ‘सं’ लिहायचाच तर त्या वाकलेल्या तुकड्याशेजारी लिहा. पाणी असेल तर उघडी तार नकोच, थोडा वीजप्रवाह द्रवातूनच पळतो. तिथे ऑक्साइडचा थर चढवलेली टँटलमची तार वापरतात.

आणि मोजणी टाळून नुसती सरासरी काढू नका. २५° सेल्सिअसला पाण्याची वाहकता सुमारे ०.६१, एथिलीन ग्लायकॉलची ०.२५ वॅट प्रति मीटर-केल्विन. वजनाने निम्मं-निम्मं घेतलं की सरासरी ०.४३ येते, मिश्रण तेवढी उष्णता वाहत नाही. मिश्रणाची वाहकता काढायच्या फिलिपोव्हच्या सूत्राने दोन्ही द्रवांचे अंश (मिश्रणातला वाटा, इथे ०.५ आणि ०.५), वाहकतांमधला फरक आणि ०.७२ यांचा गुणाकार त्या सरासरीतून वजा करायचा: ०.७२ × ०.५ × ०.५ × ०.३६, म्हणजे ०.०६५. उरले ०.३६५. अंश वजनाचेच घ्या. मोजपात्रात मिलिलिटरने निम्मं-निम्मं ओतलं तर ग्लायकॉल जड असल्याने वजनाने ते निम्म्याहून जास्त भरतं.