बायोप्सी एकच, ग्लीसन दोन, मग चुकलं कोण?

प्रोस्टेटच्या कॅन्सरची फाइल घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा हाच प्रश्न असतो, आणि विचारायला बहुतेक वेळा मुलगा येतो. हे काका मात्र स्वतः आले (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). सत्तरीचे, रिटायर्ड मास्तर. पहिल्या लॅबने ग्लीसन, म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याची ग्रेड, ३+३ दिलं (पहिला आकडा सगळ्यात जास्त दिसणाऱ्या रचनेचा, दुसरा त्याखालोखालच्या), त्याच स्लाइड दुसरीकडे दाखवल्या तर ३+४. "मॅडम, एक डॉक्टर म्हणतात नुसतं लक्ष ठेवू, दुसरे म्हणतात ऑपरेशन करून टाका. म्हणजे एका लॅबने पाट्या टाकल्यात ना?"

तसं नसतं हो. ग्लीसन हा काही शुगरसारखा मशिनवर येणारा आकडा नाही, पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपमधून ग्रंथींची रचना बघून तो ठरवतात. सुट्या, नीट बनलेल्या ग्रंथी म्हणजे ३, एकमेकींत मिसळलेल्या किंवा अर्धवट बनलेल्या म्हणजे ४, जास्त आक्रमक. आता चांगली ग्रंथीसुद्धा तिरकी कापली गेली की अर्धवटच दिसते, त्यात अशा ग्रंथी दोन-चारच असल्या की एक डॉक्टर त्या ४ मध्ये धरतो, दुसरा सोडून देतो, आणि दोघंही मन लावून काम करणारे असू शकतात.

हा फरक कमी करायचे प्रयत्न चालूच आहेत. युरोपॅथॉलॉजीवाल्यांच्या (मूत्रमार्ग-प्रोस्टेटचे नमुने तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टांच्या) आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१४ मध्ये शिकागोला बसून ठरवलं की चाळणीसारख्या दिसणाऱ्या ग्रंथी सरसकट ४ धरायच्या. तज्ज्ञांनी ग्रेड दिलेल्या फोटोंचा संग्रहही केलाय, आपली नजर त्यावर ताडून बघायला, आणि काही फोटोंवर त्या तज्ज्ञांचंही एकमत झालेलं नाही!

हे ऐकून काका पहिल्यांदा हसले. "दहावीचे पेपर तपासायच्या आधी मॉडरेटर नमुना उत्तरं देतात तसंच की. तरी निबंधाला दोन मार्क इकडचे तिकडे होतातच."

मग मी त्यांना डॉक्टरांना विचारायला दोन प्रश्न लिहून दिले, ४ नंबरचा भाग किती टक्के आहे, आणि त्यात चाळणीसारखा पॅटर्न आहे का. नुसतं ३+४ लिहून सोडलेला रिपोर्ट मला पटत नाही, कारण ५ टक्के आणि ४० टक्के यात खूप फरक आहे. प्रोस्टेटची केस रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं तिसरं मत घ्या म्हटलं, आणि जाताना स्लाइडबरोबर लॅबकडून पॅराफिन ब्लॉकपण (मेणात बसवलेले बायोप्सीचे तुकडे) मागून न्या, म्हणजे गरज पडली तर नवीन काप काढता येतात, परत सुई टोचायची वेळ सहसा येत नाही. परळच्या टाटामध्येही बाहेरून आणलेल्या स्लाइड तिथले पॅथॉलॉजिस्ट पुन्हा बघतात. यात काही आठवडे गेले तर एवढ्या ग्रेडला सहसा बिघडत नाही, तरी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या.

तिसरा रिपोर्ट ३+४ च आला, पण ४ फक्त ५ टक्के, चाळणी नाही. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) आणि एमआरआय बघून युरोलॉजिस्ट लक्ष ठेवायला तयार झाले. काकांना पटलंय, काकूंना नाही. "कॅन्सर आहे म्हणता आणि काढत नाही म्हणजे काय?" असं त्या फोनवर विचारत होत्या, म्हणून आता पुढच्या वेळी दोघांनाही बोलावलंय.