मोफत कॉम्प्युटर वर्ग करून गावाजवळ काम मिळेल का?

ताई, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: गुहागर तालुक्यातलं गाव, वय एकतीस, बारावी झालेली, मुलं शाळेत जायला लागली. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये महिनाभराचा मोफत वर्ग सुरू होतोय आणि घरचे म्हणतात, "फुकटचं ते काय कामाचं? करायचाच तर पैसे भरून कर, नाहीतर राहू दे." मी चिपळूणला बरीच वर्षं दुकानदारांचे आणि बागायतदारांचे हिशोब बघतो, कामाला नवीन माणसं घेतो, त्यांना शिकवतो. त्यावरून सांगतो, वर्ग जरूर करा.

मोफत असण्याचा खरा फायदा घरातल्या बाईलाच जास्त होतो. काही हजारांची फी म्हटली की आधी मुलांची फी, मग घराची कौलं, मग शेतीची मजुरी, आणि तिचं शिकणं पुढच्या वर्षावर जातं. फी नसली की तिला कुणाकडे मागावं लागत नाही. राहतो तो येण्याजाण्याचा खर्च. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे उद्या गावातला वर्ग संपवून तालुक्याला पुढचं शिकायला जावं लागलं तरी ते झेपण्यासारखं आहे. तेव्हा बॅच मात्र परतीच्या गाडीची वेळ बघून घ्या. हुशार मुली तिसऱ्या आठवड्यात वर्ग सोडताना मी पाहिल्यात, आणि दरवेळी कारण शेवटची गाडी हेच निघालं.

आता कामाचं. आपल्याकडे कॉम्प्युटर येणारं माणूस कोणाला हवंय? पतपेढीला, औषधाच्या दुकानाला, हार्डवेअरवाल्याला, दवाखान्याच्या काउंटरला, कर सल्लागाराच्या ऑफिसला, सेवा केंद्राला, काजू कारखान्याला, लोट्याच्या एमआयडीसीत स्टोअर आणि डिस्पॅचला, किनाऱ्यावर घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांना. यातल्या कुणालाच मोठा इंजिनिअर नको असतो. नोंद चोख करणारं, रोज येणारं, आकडा चुकला तर लपवून न ठेवणारं माणूस हवं असतं.

मी स्वतः काय बघतो ते सांगतो. नवीन माणसासमोर एखाद्या आंबा बागायतदाराच्या सीझनच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचे कागद, ठेवतो. वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून आलेल्या पट्ट्या: तारीख, पेट्या, किती डझनी, भाव, एकूण रक्कम, त्यातून गाडीभाडं आणि हमाली वजा, शेवटी हातात आलेले पैसे. म्हणतो, हे एक्सेलमध्ये भरा आणि पेटीमागे सरासरी काय पडलं ते सांगा. "एक्सेल झालंय" म्हणणारे बरेचजण इथे अडकतात. एक जण रकान्यात "५ डझन" असं अक्षरात लिहितो, मग बेरीज येतच नाही. दुसरा एकाच दलालाचं नाव तीन तऱ्हांनी लिहितो आणि त्याची तीन खाती तयार होतात. सरासरीत तर हमखास गडबड होते. १० पेट्या ३,००० च्या भावाने आणि ४० पेट्या २,००० च्या भावाने गेल्या, तर दोन भावांची मधली रक्कम काढून २,५०० सांगतात. खरं उत्तर २,२०० आहे, कारण ५० पेट्यांचे मिळून १,१०,००० रुपये आले. बागायतदाराला या ३०० रुपयांच्या फरकाने पुढच्या वर्षी माल कुठे पाठवायचा ते ठरवायचं असतं.

असाच मोफत वर्ग करून आलेली एक मुलगी पट्ट्या भरता भरता थांबली आणि म्हणाली, "दादा, वर पेट्या ४० लिहिल्यात, पण खाली भावाप्रमाणे ३८च भरतात. दोन खराब निघाल्या की लिहायच्या राहिल्या?" तिचा टायपिंगचा वेग कमी होता, सर्टिफिकेट साधंच होतं. तरी मी तिला लगेच कामावर घेतलं. म्हणून वर्ग चालू असतानाच घरचा खरा कागद घेऊन बसा: बचतगटाचं रजिस्टर, सासऱ्यांच्या काजूच्या पावत्या, दुकानाची उधारी. ते नीट भरून, छापून जवळ ठेवा. मुलाखतीला गेलात की सर्टिफिकेटच्या आधी तो कागद पुढे करा.

मराठी टायपिंग याच महिन्यात सुरू करा, आणि तेही युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, इनस्क्रिप्ट नावाच्या कळफलकावर. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या मशीनवर उघडलं की अक्षरांचा चिवडा होतो. पुढे सरकारी लिपिक-टंकलेखकाचा विचार असेल, तर राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा लागते, मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४०. तिला फी आहे आणि सरावाला महिने लागतात. पण हात बसायला घरची सोय होऊ शकते: कॉम्प्युटर नसला तरी बऱ्याच अँड्रॉइड फोनला ओटीजीची छोटी पिन लावून साधा कीबोर्ड जोडता येतो. शिवाय आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे मोफत आहेत, त्यात लिबरऑफिस शिकवतात. तेही फुकट आणि एक्सेलच्या जवळचं.

गावातला वर्ग कोणाचा आहे ते विचारून घ्या. पंतप्रधानांच्या नावाची ग्रामीण डिजिटल साक्षरतेची योजना मार्च २०२४ मध्ये संपली. तिचा अभ्यासक्रम २० तासांचा होता, ईमेल, इंटरनेट, ऑनलाइन पैसे एवढ्यापुरता. सुरुवात म्हणून छान, नोकरीला अपुरा. आता कोणी त्याच नावाने वर्ग चालवत असेल तर नीट चौकशी करा. याच्या पुढचं हवं असेल तर बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी, बघा. तिथे प्रशिक्षण, राहणं, जेवण सगळं मोफत असतं, संगणकावरचं अकाउंटिंगही शिकवतात. त्यांचा भर स्वतःच्या धंद्यावर आणि कर्ज मिळवून देण्यावर आहे, आणि शिकून गेल्यावरही दोन वर्षं विचारपूस ठेवतात. मराठा-कुणबी समाजातल्या असाल तर सारथी या सरकारी संस्थेच्या मोफत संगणक प्रशिक्षणाचीही चौकशी करा. आणि राज्याची युवा कार्यप्रशिक्षण योजना १८ ते ३५ वयासाठी आहे, बारावी झालेल्यांना महिना ६,००० रुपये विद्यावेतन. ही कायमची नोकरी नव्हे, ठरावीक महिन्यांचं शिकाऊ काम आहे. पण खऱ्या ऑफिसात बसायला मिळतं, आणि तुमच्या वयाला ते अजून खुलं आहे. सध्या अर्ज घेतायत का ते जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात विचारा.

एका गोष्टीची मात्र मला मनापासून भीती वाटते. वर्ग संपला की फोनवर "घरबसल्या डेटा एंट्री, महिना पंचवीस हजार" असले मेसेज येऊ लागतात. आधी नोंदणीचे पैसे भरायला सांगतात, मग काम चुकलं म्हणून दंड मागतात, शेवटी वकिलाच्या नोटिशीची धमकी. घाबरून मंगळसूत्र गहाण ठेवण्यापर्यंत गेलेली बाई मी पाहिलीय. काम देणारा आधी तुमच्याकडे पैसे मागत असेल, तर तिथेच फोन ठेवा. कोणी धमकावलं तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

वेळेचा हिशोबही सांगून ठेवतो. आपल्याकडे बाहेरच्या माणसाला दार उघडतं ते फेब्रुवारी ते मे. मार्चएंडला पतपेढ्या आणि कर सल्लागार हंगामी हात शोधतात, पाठोपाठ आंबा-काजूचे हिशोब येतात, मग मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक. त्या तीन-चार महिन्यांसाठी घेतलेलं माणूस चांगलं निघालं तर कोणी सोडत नाही. म्हणून जानेवारीपर्यंत वर्ग आणि सराव उरका, आणि जानेवारीतच जवळच्या पतपेढीत जाऊन मॅनेजरना भेटा. अर्ज पोस्टाने पाठवू नका, स्वतः जा, सोबत तुमचा तो छापलेला कागद न्या. वर्गाच्या सरांनाही सांगून ठेवा की काम हवंय. दुकानदार माणूस हवं असलं की आधी त्यांनाच फोन करतात.

वर्गात टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, शिकवणार आहेत का आणि तुमच्या गावाहून शृंगारतळी जवळ की गुहागर, एवढं लिहा. त्यावरून कुठे विचारायचं ते सांगतो.