स्पॅनिश-इंग्लिश शाळेतली पहिली ऑफ्रेंडा

अमेरिकेतल्या द्विभाषिक शाळेत मूल घातलंय, तर ऑक्टोबरात वर्गशिक्षिकेची चिठ्ठी येईल: घरातल्या दिवंगत माणसाचा फोटो पाठवा. दचकू नका. मेक्सिकोच्या 'दिया दे मुएर्तोस' या मृतांच्या स्मरणाच्या सणासाठी, म्हणजे १ आणि २ नोव्हेंबरसाठी, वर्गात ऑफ्रेंडा, म्हणजे गेलेल्या माणसांच्या आठवणीची आरास, मांडतात. फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, गोड पाव आणि वर नक्षीदार कागदी पताका. पहिला दिवस गेलेल्या लहानग्यांचा, दुसरा मोठ्यांचा.

आजी-आजोबांचा फोटो जरूर द्या, पण मूळ नको, प्रत द्या. त्याहून महत्त्वाचं, त्यांच्याबद्दल दोन-तीन वाक्यं मुलाकडून स्पॅनिशमध्ये तयार करून घ्या. आजोबांना काय खायला आवडायचं, एवढंही पुरतं. मूल ते ज्या अभिमानाने सांगतं, ते बघाच! झेंडूची फुलंही पाठवा. आपल्या दसरा-दिवाळीचा झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, हे मुलांना फार आवडतं.

३१ ऑक्टोबरचं हॅलोविन वेगळं. त्याचा भुताचा पोशाख ऑफ्रेंडाच्या कार्यक्रमाला नको. मेक्सिकन कुटुंबं तिथे आपल्या माणसांची आठवण काढायला येतात.

पताका कापायला मदतनीस मागतील, तेव्हा नाव द्या. स्पॅनिश येत नसलं तरी चालतं, आणि इतर पालकांशी ओळख तिथेच होते.